सोन्याची अंगठी आणि हातातला फोन

शास्त्रपाठ : याकोब २:१-९, निर्गम ५:६-१९, रूथ २:१-१६



याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एका सभेचे चित्र उभे करतो. दोन माणसे आत येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आहे, अंगावर झगझगीत वस्त्रे आहेत. दुसरा मळक्या कपड्यांनी आला आहे. सभेतले लोक अद्याप दोघांपैकी कोणाशी एक शब्दही बोललेले नाहीत. कोण कसा वागतो, कोण कशी प्रार्थना करतो, कोणाच्या घरी काय दुःख आहे, यातले काहीच त्यांना ठाऊक नाही. तरी एकाला चांगली जागा मिळते आणि दुसऱ्याला सांगितले जाते की, तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांपाशी बस. एका अंगठीवरून निवाडा झाला. याकोब त्या मंडळीला स्पष्ट विचारतो की, असे करून तुम्ही दुष्ट मनाचे न्यायाधीश झाला नाहीत काय?

आज बोटातली अंगठी पाहून कोणी कोणाला जागा देत असेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु कचेरीत, शाळेत, कारखान्यात, रस्त्याच्या कामावर, दवाखान्यात एक दुसरीच वस्तू पाहिली जाते. ती म्हणजे हातातला फोन. काच चकाकणारा मोठा फोन असेल तर माणूस कामाचा. बटणांचा साधा फोन असेल तर त्याच्याकडे पाहून हसू येते. आणि फोनच नसेल तर तो माणूस जणू कामाच्या जागी नाहीच. या महिन्यात आपण या गोष्टीकडे देवाच्या वचनाच्या प्रकाशात पाहावे, अशी आमची इच्छा आहे.

आमचे मन हे लिहिताना खजुरीकडे आहे. खजुरी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातले गाव. आळंदहून उमरग्याला जाणारा रस्ता याच गावावरून जातो आणि पुढे महाराष्ट्राची हद्द लागते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हद्दीच्या दोन्ही बाजूंची गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. त्या दिवशी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला. राज्ये दोन झाली, पण सोयरीक, बाजार आणि मजुरी यांनी ती हद्द कधी मानली नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही, अशी इथल्या माणसांची जीभ आहे. कोरडवाहू शेती, तूर आणि ज्वारी, आणि शेतात काम नसेल तेव्हा मिळेल ती मजुरी, असे इथले बहुतेकांचे जीवन आहे.

अशा भागात फोन नसलेला मनुष्य कामाच्या जागी काय ऐकतो? आमच्या पाहण्यात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार हसण्याचा. "काय काका, अजून डबडाच का?" असे म्हटले जाते. म्हणणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. ती थट्टा असते. पण ज्याच्यावर रोज एकच थट्टा होते तो हळूहळू चारचौघांत फोन खिशातून काढीनासा होतो. घरून बोलावणे आले तरी तो बाजूला जाऊन बोलतो.

दुसरा प्रकार संशयाचा. "याला फोन घ्यायला काय झाले? साहेबाचा मेसेज पाहिलाच नाही म्हणायला बरे. कामचुकारपणा, दुसरे काय!" अशी कुजबुज होते. नसलेपणाला आळसाचे नाव मिळते.

तिसरा प्रकार विसरण्याचा, आणि आम्हांस तोच सर्वांत जड वाटतो. त्यात कोणी हसत नाही, कोणी दोष देत नाही. फक्त त्या माणसाला कळवायचे राहून जाते. आमच्या परिचयाची एक बाई एका शाळेत झाडलोटीचे काम करते. एका रात्री ग्रुपवर निरोप पडला की, उद्या तपासणी आहे, सर्वांनी सातला यावे. ती नेहमीप्रमाणे नऊला आली. वर्ग उघडून मुलींकडून झाडून घेतलेले होते. मोठ्या माणसांसमोर तिला बोलणी बसली. "मला कोणी सांगितले नाही," असे ती म्हणाली तेव्हा उत्तर मिळाले, "अक्का, ग्रुपवर टाकलं होतं की." तिचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या रात्री त्या रस्त्याने तिघे शिक्षक गेले होते. हाक मारण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण निरोप देऊन झाला आहे असे सर्वांना मनापासून वाटत होते.

बंधुभगिनींनो, एखाद्याकडे असा फोन का नसतो, याचा आपण शांतपणे विचार करावा. पैसा हे एक कारण आहे. आणि फोन एकदा घेऊन भागत नाही, रिचार्ज पुन्हा पुन्हा भरावा लागतो. घरात एकच फोन असतो आणि तो पुण्याला किंवा सोलापूरला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. कोणाची नजर मंदावली आहे. कोणाला अक्षरओळख नाही, किंवा आहे ती कन्नडची आहे आणि फोनवर येते ते इंग्रजी. बायकांची अडचण आणखी वेगळी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या फक्त ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की, स्वतः वापरतो असा मोबाईल आपल्यापाशी आहे. आणि त्या ५४ मध्ये साधे फोनही धरलेले आहेत. शिवाय काही माणसे अशीही आहेत की, ज्यांना हा फोन परवडतो, पण मनाची शांती राहावी म्हणून ती तो घेत नाहीत. देशातल्या नियमांनीही आता या सर्वांचे अस्तित्व मानले आहे. २०२४ च्या डिसेंबरात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले की, इंटरनेट नको असलेल्या ग्राहकांसाठी केवळ बोलणे व संदेश एवढ्याचाच रिचार्ज ठेवला पाहिजे. कंपन्यांनी ज्याची दखल घ्यायची त्याची दखल त्याच्या शेजारी काम करणाऱ्याने घेऊ नये काय?

आता आपण निर्गमाच्या पाचव्या अध्यायाकडे वळू. इस्राएल लोक मिसरात विटा पाडीत होते. विटांसाठी लागणारे गवत त्यांना सरकारातून मिळत असे. फारोने एके दिवशी हुकूम काढला की, यापुढे गवत द्यायचे नाही, ते त्यांनी स्वतः शोधून आणावे. विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे. लोक देशभर धसकटे गोळा करीत फिरले. संख्या भरेना. तेव्हा मार कोणाला बसला? इस्राएलातल्याच ज्या नायकांना कामावर देखरेखीसाठी नेमले होते त्यांना. ते फारोकडे गाऱ्हाणे घेऊन गेले तेव्हा फारोचे उत्तर एकच होते : तुम्ही आळशी आहात. साधन द्यायचे नाही, हिशेब पुरा मागायचा, आणि तो भरला नाही तर मजुराला आळशी म्हणायचे. ही जगातली फार जुनी रीत आहे.

रोजगार हमीच्या कामावर जे घडले ते या अध्यायाशेजारी ठेवून पाहावे. ग्रामविकास मंत्रालयाने २१ मे २०२१ रोजी मजुरांची हजेरी फोनवरून घेण्याचे एक ॲप सुरू केले. १६ मे २०२२ पासून वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर ते सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्व कामांवर. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून त्या जागेवरून पाठवायचा, अशी ती पद्धत. हे काम मेटचे. कर्नाटकात या मेटला 'कायकबंधू' असे सुंदर नाव आहे. श्रमाला पूजा मानणाऱ्या बसवण्णांच्या भूमीतले ते नाव आहे. परंतु बहुतेक ठिकाणी त्यासाठी लागणारा फोन आणि त्याचा खर्च त्या मेटनेच सोसायचा होता. गावातली बाई हिशेबाला चोख असली, मजुरांत तिला मान असला, तरी तिच्याकडे असा फोन नसेल तर मेट होणे तिला अवघड झाले. रेंज नाही, फोटो चढला नाही, म्हणून उन्हात राबलेल्या मजुराचा दिवस बुडाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मजूर दिल्लीला जंतरमंतरवर येऊन बसले, त्यांच्या मागण्यांत ही हजेरीही होती.

हजेरीत लबाडी होऊ नये हा त्या पद्धतीचा हेतू होता, आणि तो हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. खोटी हजेरी लावून गरिबाचा पैसा खाणे हे पाप आहे. परंतु जुलै २०२५ मध्ये त्याच मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून कळविले की, कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोंचेच काढलेले फोटो त्या ॲपवर चढविले जात आहेत. म्हणजे लबाडाला यंत्र आडवे आले नाही. प्रामाणिक असून ज्याच्याजवळ यंत्र नव्हते, त्याच्या वाटेत मात्र ते उभे राहिले. पुढे २०२५ च्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कायदे येतात आणि जातात. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातली आज्ञा मात्र उभी आहे : गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, मग तो तुझा भाईबंद असो की तुझ्या गावात राहणारा परका असो. आणि याकोब आपल्या पाचव्या अध्यायात सांगतो की, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो.

हद्दीच्या पलीकडे, महाराष्ट्रात, अंगणवाडी सेविकांची गोष्टही आपल्याला विचार करायला लावते. त्यांना सरकारने फोन दिले होते. म्हणजे गवत दिले होते. पण ते कुजके निघाले. फोन वारंवार बिघडत, त्यांची क्षमता अपुरी पडे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई, आणि पोषणाची माहिती भरण्याचे नवे ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. कामाला त्या नाही म्हणत नव्हत्या. मुलांना खाऊ घालणे, वजन घेणे, गरोदर बायांची चौकशी करणे चालूच होते. मराठीत काम करता येईल असे धड साधन द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. त्या वेळीही "यांना शिकायलाच नको" असे बोलणारे लोक भेटले. वीस वीस वर्षे गावची मुले सांभाळलेल्या बायांची योग्यता एका काचेच्या तुकड्यावरून ठरविली गेली.

मग धन्याने वागावे तरी कसे? प्रभू येशूने याचे उत्तर दोन दाखल्यांत दिले आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात परदेशी जाणारा धनी आपल्या दासांना बोलावतो, प्रत्येकाच्या हाती आधी रुपये सोपवितो, आणि परत आल्यावर मग हिशेब मागतो. हिशेब मागण्याचा हक्क त्याला आहे, आणि तो कडकपणे मागतोही. परंतु दिल्यावाचून मागत नाही. फारो आणि हा धनी यांच्यामधला भेद इथे आहे. ज्या कामाला स्मार्टफोन खरोखर लागतो, त्या कामाचा फोन आणि त्याचा रिचार्ज हा काम देणाऱ्याचा खर्च आहे, जसे कुदळ आणि पाटी हा आहे. आणि ज्या कामाला तो लागत नाही, तिथे कामगाराकडे तो आहे की नाही हे पाहण्याचे कारणच नाही.

दुसरा दाखला मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा धनी मजूर आणायला दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात जातो. दिवस मावळायला एक तास उरला असताना तो पुन्हा जातो आणि तिथे उभ्या असलेल्यांना विचारतो की, तुम्ही दिवसभर असे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावले नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. त्यांचे उत्तर तो खरे मानतो आणि त्यांना कामाला घेतो. ज्यांच्यापर्यंत निरोप पोहोचला नाही त्यांच्यापर्यंत तो आपल्या पायांनी पोहोचला. स्वर्गाचे राज्य असे आहे, असे प्रभू म्हणतो.

कोणी म्हणेल, "जमाना बदलला आहे, सर्वांनी फोन घेतला म्हणजे प्रश्न मिटला." फोनचे उपकार आम्ही नाकारीत नाही. दूर गेलेल्या लेकराचा चेहरा आईला दिसतो, रात्री अपरात्री रुग्णवाहिका बोलावता येते, बाजारभाव घरी कळतो, शास्त्राचे वाचन कानाने ऐकता येते. ज्याला घेता येतो त्याने जरूर घ्यावा, चांगल्या कामी लावावा. परंतु आज हा फोन आला, उद्या दुसरे काही येईल, आणि त्या दिवशीही कोणीतरी मागे असेलच. मागे असलेल्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न यंत्राबरोबर संपत नाही.

आणि मोठ्या अधिकाराच्या जागी बसलेल्यांनाही मागे वळून पाहावे लागते. कोरोनाच्या टाळेबंदीत, १ मे २०२० रोजी, केंद्रीय गृहमंत्रालयाने सरकारी व खाजगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना 'आरोग्य सेतू' ॲप सक्तीचे केले आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांकडे ते असावे ही जबाबदारी संस्थांच्या प्रमुखांवर टाकली. कामावर यायचे तर असा फोन हवा, असा त्याचा अर्थ झाला. काही दिवसांतच साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक सुरू करण्यात आला. १७ मेच्या आदेशात सक्तीची भाषा गेली. ज्यांच्याकडे ॲप चालेल असा फोन आहे त्यांच्यापुरता मालकांनी शक्य तो प्रयत्न करावा, असे आले. पुढे १९ ऑक्टोबर २०२० रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, एखाद्याने हे ॲप घेतले नाही एवढ्याच कारणावरून सरकारने किंवा सरकारी संस्थांनी त्याला कोणताही लाभ वा सेवा नाकारू नये. देशाचा हुकूम सोळा दिवसांत नरम होऊ शकतो, तर एखाद्या शाळेचा, दुकानाचा, कचेरीचा किंवा मंडळीचा रिवाज बदलणे अशक्य नाही.

खजुरीसारख्या हद्दीवरच्या गावांना यात आणखी एक गोष्ट कळण्यासारखी आहे. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उताराची भयंकर हकिकत आहे. गिलादी लोकांनी उतार अडवून धरले. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ते एक शब्द उच्चारायला सांगत : शिब्बोलेथ. एफ्राइमी माणसाच्या जिभेला 'शि' येत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि तिथेच मारला जाई. बेचाळीस हजार माणसे अशी गेली. तो मनुष्य चांगला की वाईट, हे कोणी विचारले नाही. उतारावर एक खूण ठरली, आणि ती ज्याला नाही त्याचा निकाल झाला.

हद्दीवरच्या माणसांना खुणेवरून ओळखले जाणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. इकडच्या कचेरीत गेले तर बोलण्यावरून "हे मराठीवाले", आणि तिकडे मजुरीला गेले तर "हे कर्नाटकातले". २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोरोना तपासणीचा अहवाल दाखवावा लागे. खजुरीच्या नाक्यावरही तपासणी होती, आणि ज्यांची भाकरी हद्दीपलीकडे होती त्यांना नाक्यावर उभे राहणे माहीत आहे. रोगराईत तपासणी आवश्यक होती हे खरे. परंतु हातात कागद नसताना दाराशी उभे राहण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने कामाच्या जागी दुसऱ्याला तसे उभे करू नये. परमेश्वर इस्राएलाला हेच वारंवार आठवून देतो : तुम्ही मिसरात परके होता, म्हणून परक्यावर प्रीती करा. स्वतःच्या दुःखाची आठवण दुसऱ्यावर दया करण्यासाठी दिलेली आहे.

अशी दया कामाच्या जागी कशी दिसते, हे पाहायचे असेल तर रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचावा. रूथ मवाबी, हद्द ओलांडून आलेली, विधवा, हाती काही नसलेली. कापणी करणाऱ्यांच्या मागे राहून ती सरवा वेचते. बवाज शेतात येतो तो आधी आपल्या कापणाऱ्यांना परमेश्वराच्या नावाने नमस्कार करतो. मग ही कोण, अशी चौकशी करतो. चौकशी करून तो थांबत नाही. गड्यांना बजावतो की, तिला हात लावू नका. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या पाण्यातून पी, असे तिला सांगतो. जेवणाच्या वेळी तिला कापणाऱ्यांच्या पंगतीत बसवितो. आणि ती उठून गेल्यावर गड्यांना सांगतो की, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसे टाकून ठेवा, आणि तिला धमकावू नका, लाजवू नका.

बवाजाच्या या वागण्यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, रूथला त्याने काम सोडून बसायला सांगितले नाही. तिच्या कष्टाचा मान राखला. वाट तेवढी मोकळी केली. दुसरी, त्याने आपल्या माणसांच्या तोंडाला बंधन घातले. शेतात कोण कोणाशी काय बोलतो ही आपली जबाबदारी आहे, असे तो धनी मानीत होता. आज मुख्याध्यापक, मुकादम, दुकानाचे मालक, कचेरीतले वरिष्ठ, दवाखान्यातल्या मुख्य परिचारिका यांपैकी कितीजण आपल्या मंडळीत आहेत! "आमच्या इथे फोनवरून कोणाला हसायचे नाही," एवढे वाक्य एकदा त्यांनी मोठ्याने उच्चारले तर पुष्कळ डोळ्यांतले पाणी थांबेल.

म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. जिथे आपण काम देतो तिथे निरोप पोहोचला की नाही हे पाहावे. ग्रुपवर टाकणे म्हणजे कळविणे नव्हे. फळ्यावर खडूने एक ओळ लिहावी. ज्याच्याकडे फोन नाही त्याला सांगण्याचे काम एका ठराविक माणसाकडे द्यावे. "कोणीतरी सांगेल" असे म्हटले की कोणीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट. जिथे आपण बरोबरीने काम करतो तिथे आपला फोन शेजाऱ्यासाठी उघडा ठेवावा. रजेचा अर्ज, पगाराची पावती, मुलाचा निकाल पाहून देणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते उपकार केल्यासारखे करू नये, आणि पाहिलेली गोष्ट चार जणांत सांगू नये. दुसऱ्याचा पगार व कर्ज आपल्या डोळ्यांखालून गेले तर ते आपल्या पोटात राहावे.

तिसरी गोष्ट मंडळीसाठी. याकोबाने ते चित्र कचेरीचे काढलेले नाही, सभेचे काढले आहे. प्रार्थनासभेची वेळ बदलली, कोणी आजारी पडले, कोणाच्या घरी मयत झाली, तर ते उपासनेत वाचून दाखवावे, दाराशी लावावे आणि फोन नसलेल्या घरी कोणीतरी चालत जावे. म्हाताऱ्या बहिणीला मयतीचा निरोप मातीनंतर मिळाला, असे आपल्या मंडळीत कधीही होऊ नये.

चौथी गोष्ट शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी. मुले कामाच्या जागचे वागणे घरी ऐकतात आणि वर्गात आणतात. याकोबाची ती सभा मुलांकडून करून दाखवावी. अंगठीच्या जागी पुठ्ठ्याचा एक फोन द्यावा. मग ज्या मुलाला पायांपाशी बसविले त्याला विचारावे की, तुला कसे वाटले? त्याचे उत्तर फळ्यावर लिहावे. आणि वचन पाठ करण्याचा अभ्यास फोनवर पाठवीत असाल तर वर्ग सुटण्यापूर्वी तो वहीतही उतरवून द्यावा, म्हणजे ज्या घरात फोन नाही तिथले लेकरू पुढच्या रविवारी मान खाली घालून बसणार नाही.

आता ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रिय भावा, प्रिय बहिणी, यात लाजण्यासारखे काही नाही. देवाने तुझे नाव ज्या तळहातावर कोरले आहे त्यात फोन मावत नाही. "मला कळले नाही, कृपा करून तोंडी सांगा," असे सरळ विचारावे. हे भीक मागणे नाही, तुझा हक्क आहे. परंतु ज्याच्याकडे फोन आहे तो बिघडलेला, आणि मी तेवढा साधा, असा गर्वही मनात येऊ देऊ नये. अंगठी असल्याने कोणी मोठा होत नाही, तसा नसल्यानेही होत नाही.

याकोब ज्याला राजमान्य नियम म्हणतो तो एकच आहे : आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करणे. उद्या सकाळी आपण कामावर जाऊ तेव्हा आपल्या शेजारी कोण उभा आहे, आणि काल रात्रीचा निरोप त्याला मिळाला आहे काय, एवढे आधी विचारावे.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हांला आमच्या हातातल्या वस्तूंवरून ओळखले नाहीस. दिवस मावळता मावळता तू आम्हांला शोधीत बाजारात आलास. ज्यांना कोणी हाक मारीत नाही त्यांना हाक मारण्यास आमचे तोंड उघड, आणि ज्यांना आमचे बोलणे लागते त्यांच्यासाठी ते आवर. हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मजुरांना त्यांची मजुरी आणि त्यांचा मान मिळो. आमेन.